भुरीचं चौथं पिल्लू

खोकं रिकामं होतं.

नत्थूने दोन्ही हातांनी गवत उपसून बाहेर काढलं, तळ चाचपला, मग खोकंच उचलून उलटं केलं. गवताला अजून ऊब होती, पण पिल्लं नव्हती. काल संध्याकाळी चारही एकमेकांच्या अंगावर लोळत होती. डोळे नुकते उघडले होते त्यांचे.

"किस्नरावजी!" त्याने तिथूनच हाक मारली. "पिल्लं कुठी गेली जी?"

कृष्णराव म्हणजे विटांच्या गोदामाचे कारकून. रेल्वेतली नोकरी संपवून नागपूरकडून इथे आलेले, अंगाने किडकिडीत, बोलायला सावकाश. चष्मा कपाळावर चढवून ते आले आणि रिकाम्या खोक्यात वाकून पाहू लागले.

"त्याइची मायच घेऊन गेली असंल. मांजरीची जात ते. सात घरं फिरवते पिल्लाइले. कोणाचा परका हात लागला, का हलवलीच समज."

"माझा तं रोजच लागते."

"तुझा हात परका व्हय का? तूच तं आणली तिले." कृष्णरावांनी चष्मा खाली घेतला. "आन् तुझी भाकर पाय तिथं पोत्यावर. तू लाकडं उतरवाले गेलता, तवा तुझी बाई देऊन गेली. उपाशीच पळाला म्हणे घरून."

नत्थूने भाकरीकडे पाहिलंही नाही. तो विटांच्या थप्प्यांमधल्या फटी पाहत हिंडू लागला.

पत्र्याच्या या शेडमध्ये भट्टीच्या विटा ठेवलेल्या असत. रशियातून जहाजाने आणि मग वॅगनींनी आलेल्या, लाकडी खोक्यांत गवत भरून जपून बांधलेल्या. त्या गवतात उंदीर झाले आणि उंदरांच्या मागे साप आले. मागच्या पावसाळ्यात एक खोकं फोडताना मिस्त्रीच्या हाताशी हातभर घोणस निघाली, तेव्हापासून मिस्त्री लोक खोक्यांना हात लावीनात. भट्टीचं काम अडलं. शेवटी कृष्णरावांनी नत्थूला सांगितलं, "कुठून तरी एक मांजर आण बावा." नत्थू जवळच्या जुनवानी गावी गेला आणि एका म्हातारीकडून राखाडी रंगाची भुरी पोत्यात घालून घेऊन आला. म्हातारीने पोत्याचं तोंड बांधता बांधता बजावलं होतं, "ले जा बेटा, फेर भूखे झन राखबे." नत्थूने तिला उपाशी ठेवलं नाही. आपल्या भाकरीतला चतकोर आणि कॅन्टीनच्या दुधाच्या भांड्यातला तळ, हा भुरीचा वाटा ठरून गेला. दिवाळीपर्यंत उंदीर दिसेनासे झाले आणि नत्थूला नाव पडलं, मांजरवाला.

नावाचं त्याला काही वाटत नसे. नाव पडावं इतका काळ तो कुठे राहिलाच नव्हता. त्याच्या पायाला भिंगरी आहे, असं गावी, लाखनीकडे, सगळे म्हणत. मँगनीजच्या खाणीत तो लागला आणि सुटला. गोंदियाला तांदळाच्या गिरणीत लागला, तिथूनही सुटला. डोंगरगडकडे रेल्वेच्या गँगमध्ये होता, तिथे तर मुकादम त्याच्यावर खूश होता, तरी सुटला. भांडण कधी नाही. कुणी वाकडं बोललं की तो उलट बोलत नसे. ऐकून घेई, मान खाली घाली, आणि चार-सहा दिवसांनी एका सकाळी बायकोला म्हणे, "हिरे, बांध." हिरा वाकळ अंथरी, तिच्यात भांडी ठेवी, दोरी आवळी. कुठे जायचं, हे ती आताशा विचारतही नसे.

भिलाईत, पोलादाच्या कारखान्याच्या बांधकामावर, मात्र तो दोन हिवाळे टिकला. पण गेल्या पंधरवड्यापासून पुन्हा तेच चालू झालं होतं. ठेकेदाराचं काम संपत आलं होतं. रोज कुणी ना कुणी सुटत होता. मुकादम पंजाबराव म्हणाले होते की थोडी माणसं प्लांटात कायमची घेणार आहेत आणि त्यात तुझं नाव टाकतो. तेव्हापासून नत्थूला घास गिळवेना. वाट पाहणं हे एक काम त्याला कधी जमलं नव्हतं. आजही उजाडायच्या आत तो न खाताच घरून निघाला होता.

"नत्थ्या!" शेडच्या दारातून पंजाबरावांचा आवाज आला. "इथं काय करून राहिला बे?"

"पिल्लं पाहून राहिलो जी. दिसत नाईत."

"मांजराचं मंग पाय. चाल, चिमणीपाशी लाकडं रचाची राहिली." पंजाबराव अंगाने थोराड, त्याच्याच मुलखाचे. त्याला या कामावर आणलं होतं तेही त्यांनीच. ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आन् आइक. आज मोठे साहेब येऊन राहिले. तुझं नाव मी सांगून ठेवलं. तुले पुढं केलं का हात जोडाचे. तोंड उघडाचं नाई."

"मी कई तोंड उघडतो जी?"

"म्हणूनच तं तुझं नाव टाकलं," पंजाबराव म्हणाले आणि हसले.

*

चिमणी गोदामापासून हाकेच्या अंतरावर. नवी कोरी, आतून अजून ओली. ती वाळवायला तिच्या बुडाशी लाकडांचा जाळ करायचा होता आणि तो काही दिवस विझू द्यायचा नव्हता. भट्टीपासून चिमणीपर्यंत जमिनीखालून धूर जायचा बोगदा बांधलेला होता. कामासाठी त्यात उतरायला वर एक चौकोनी तोंड ठेवलं होतं. जाळ लागायच्या आधी ते विटांनी बुजवायचं होतं. मिस्त्री गारा कालवून तयार बसला होता.

तिथे आज लग्नघर झालं होतं. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आंब्याची पानं बांधली होती. तरुण इंजिनिअर साहेब पांढऱ्या शर्टात इकडून तिकडे फिरत होते आणि दर वेळी रस्त्याकडे पाहत होते. रशियन बाबा, एक धिप्पाड पिकल्या केसांचा माणूस, लाकडांच्या ढिगापाशी उभा राहून चिमणीच्या टोकाकडे मान वर करून बघत होता.

नत्थू ओंडके वाहत होता, पण त्याचं लक्ष जमिनीवर होतं. आणि तेव्हाच त्याला भुरी दिसली. बोगद्याच्या तोंडातून ती बाहेर आली. अंगभर विटांची भुकटी. क्षणभर थांबली, गोदामाकडे तोंड करून ओरडली, तिकडे थोडी धावली, मग काय मनात आलं कोण जाणे, उलटी फिरली आणि पुन्हा त्या तोंडातून आत उतरली.

नत्थूच्या खांद्यावरचा ओंडका खाली आला.

"पंजाबरावजी," तो मुकादमाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "भुरीनं पिल्लं बोगद्यात नेली."

"कोण भुरी?"

"मांजर. आपली गोदामातली."

पंजाबरावांनी आधी इंजिनिअर साहेबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं मंग? जनावराले कळते. धूर दिसला का निंगन बाहेर."

"तोंड बुजल्यावर कुठून निंगन जी?"

पंजाबरावांनी त्याचा दंड धरला आणि त्याला चार पावलं बाजूला नेलं. "नत्थ्या, तुले हात जोडतो. आजच्या दिवस गप राय. तुझ्या मांजरापायी तुझी नोकरी जाईन आन् माझी मुकादमीही जाईन. जा, पाणी पेऊन ये. ते तोंड बुजेस्तोवर इकडे येऊच नको."

नत्थू पाणी प्यायला गेला. पिंप रस्त्याच्या कडेला होतं. तो पाणी प्याला आणि त्याचे पाय पुढेच निघाले. पुढे गेट होतं. गेटच्या बाहेर निघायचं, हिराला सेक्टर दोनमधून बोलवून घ्यायचं, ती तिथे एका घरी भांडी घासायला जाई, आणि म्हणायचं, बांध. दुपारची पॅसेंजर मिळेल. बिलासपूरकडे कामं निघाली आहेत म्हणतात. चालता चालता त्याला छाती हलकी झाल्यासारखी वाटली. हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी असंच वाटत असे.

गेटाजवळ चौकीदार तंबाखू मळत बसला होता. त्याने विचारलं, "कहाँ चले, बिल्लीवाले?"

नत्थू थांबला. खाणीतून निघाला तेव्हा खाण मागे राहिली होती. गिरणी मागे राहिली होती. पण हे मागे राहणार नव्हतं. बिलासपूरला जावो की कलकत्त्याला, जिथे अंग टाकेल तिथे त्याला तो बोगदा आणि त्यातलं ओरडणं ऐकू येणार होतं.

तो उलटा फिरला आणि धावत सुटला.

मिस्त्रीने विटांचा पहिला थर लावला होता. दुसऱ्या थराची वीट त्याच्या हातात होती.

"थांबा! थांबा जी!"

सगळे वळून बघायला लागले. तो आवाज आपला आहे हे नत्थूला स्वतःलाच पटेना.

"क्या हुआ?" इंजिनिअर साहेब पुढे आले.

"साब, अंदर बिल्ली है. बच्चे हैं उसके."

कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. मग बरेच जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं. "अभी? अभी याद आया तुमको?"

तेवढ्यात रशियन बाबा काय झालं म्हणून जवळ आला. नत्थूने त्याला हातांनी कान करून दाखवले, मिशा दाखवल्या, छातीशी तान्हं धरल्यासारखं केलं आणि बोगद्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. म्हातारा हसला. "कोश्का," तो आपल्या भाषेत म्हणाला. मग खिशातून सिगारेट काढून तो रचलेल्या लाकडांवर खुशाल बसला, जणू आता ती संपेपर्यंत त्याला दुसरं काम नव्हतं.

इंजिनिअर साहेबांनी सुस्कारा सोडला. "जाओ. जल्दी."

*

मिस्त्रीचा कंदील घेऊन नत्थू आत उतरला. उभं राहता येत नव्हतं. तो गुडघ्यांवर सरकत गेला. नव्या विटांचा ओला वास होता आणि आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. "भुरे," त्याने हाक मारली. "ये वं भुरे."

एका बाजूला भिंतीत कोनाडा होता. तिथे दोन डोळे चमकले. भुरी त्याच्यावर फिसकारली. आजवर कधी फिसकारली नव्हती. त्याने हात पुढे केला तसा तिने पंजा मारला. त्याने हात मागे घेतला नाही. एकेक पिल्लू उचलून शर्टाच्या आत, पोटाशी घातलं. एक, दोन, तीन. कोनाड्यात आणखी काही नव्हतं. त्याने कंदील फिरवून बघितलं. नव्हतं.

तो बाहेर आला. मागोमाग भुरी. शर्टातून तीन तोंडं बाहेर आलेली पाहून लोकांनी आरोळ्या ठोकल्या. त्याने पिल्लं कृष्णरावांच्या पुढ्यात ठेवली. तेही गडबड ऐकून गोदामातून आले होते.

"सब निकल गए?" साहेबांनी विचारलं.

साहेबांच्या पाठीमागे पंजाबराव उभे होते. ते नत्थूकडे डोळे मोठे करून पाहत होते आणि मान जोरजोराने हलवत होते. हो म्हण. एक हो म्हण. दूर रस्त्यावर धूळ उठली होती. गाड्या येत होत्या.

"नहीं, साब," नत्थू म्हणाला. "एक और है."

"पक्का?"

"चार थे, साब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण नत्थू तोवर पुन्हा आत उतरला होता.

या वेळी तो कोनाड्याच्या पुढे गेला. बोगदा वळला. वळणापुढे अंधुक उजेड होता. सरकत सरकत तो थेट चिमणीच्या बुडाशी पोचला आणि त्याने वर पाहिलं. फार वर, रुपयाएवढं आभाळ होतं. तिथून वारा खाली येत होता आणि बारीक रडल्यासारखा आवाज करत होता. नत्थू कान देऊन ऐकत राहिला. पिल्लू की वारा? त्याने पुस् पुस् केलं. आवाज थांबला. मग पुन्हा आला. तो मागे सरकला, प्रत्येक फट बोटांनी चाचपली. बोटांची सालं निघाली. पुन्हा चिमणीपर्यंत गेला. बाहेर मोटारींची दारं आपटत होती. कुणीतरी त्याच्या नावाने ओरडत होतं. पहिल्यांदा शिवी देऊन, मग नुसतंच नाव घेऊन.

तो रिकाम्या हाताने वर आला तेव्हा हार घातलेले मोठे साहेब लोक ओळीने उभे होते.

"नहीं मिला, साब."

"हट जाओ अब," इंजिनिअर साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांना रागवायलाही सवड नव्हती. मिस्त्रीने भराभर विटा लावल्या, गारा थापला. नारळ फुटला, कापूर पेटला, लाकडांनी पेट घेतला. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग चिमणीच्या टोकातून धुराची एक बारीक रेघ निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नत्थूच्याही हातावर पेढा ठेवला. पेढा तसाच धरून तो उभा राहिला आणि लाकडांच्या तडतडण्यातून दुसरं काही ऐकू येतं का ते ऐकत राहिला.

*

"एक हो म्हणाले काय जात होतं बे तुझं?" पंजाबराव गोदामाच्या मागे त्याच्यासमोर उभे होते. त्यांचा आवाज चिडका होता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "सायबानं नसतं काई केलं. ठेकेदारच तापला. म्हणे, मोठ्या लोकाइले तिष्ठत ठेवलं या माणसानं मांजरापायी. उद्यापासून असा माणूस नाई पायजे."

"आत असतं तं जी?"

"आन् नसतं तं?"

नत्थूने छातीवरचा पितळी बिल्ला काढून पंजाबरावांच्या हातात दिला. पंजाबरावांनी तो घेतला आणि बराच वेळ नुसताच अंगठ्याने पुसत राहिले.

जाण्याआधी तो गोदामात डोकावला. कृष्णरावांनी तिन्ही पिल्लं जुन्या खोक्यात, नव्या गवतावर ठेवली होती. ती पीत होती. भुरी मात्र मध्येच उठे, खोक्याभोवती फेरी मारी, गवत हुंगे आणि ओरडे. चिमणीकडे ती एकदाही गेली नाही.

"शोधून राहिली," नत्थू म्हणाला.

"जाऊ दे बावा. दोन दिवसांत इसरते जनावर." कृष्णरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू खाल्लं का काई?"

सकाळची भाकर पोत्यावर तशीच होती. ती घेऊन तो निघाला.

कॅम्पातल्या त्यांच्या झोपडीला तट्ट्यांच्या भिंती आणि वर पत्रा होता. तो दारात पोचला तेव्हा ऊन अजून कडक होतं. या वेळी तो कधी घरी नसे. हिरा पाठमोरी बसली होती. त्याची चाहूल लागताच ती दचकली आणि तिने समोरच्या टोपल्यावर घाईने पदर टाकला.

पदराखालून आवाज आला. बारीक, चिरका.

नत्थू उभा राहिला. मग पुढे झाला आणि त्याने पदर उचलला. टोपल्यात फडक्यावर एक राखाडी पिल्लू होतं, पुढच्या एका पायाला पांढरा मोजा घातल्यासारखं. वाटीत दूध होतं आणि दुधात कापसाची वात.

"रागावू नका," हिरा भराभर बोलू लागली. "तुमची भाकर द्याले गेलती सकाळी. तुमी नव्हते, ते गोदामातले बाबूजी हिशेबात होते. खोक्यात चार दिसले. म्या म्हटलं एक नेलं तं काय होते. इचारूनच नेणार होती, पण तुमी नाई म्हणाल असं वाटलं. दूध त्या सेक्टर दोनच्या बाईनं देल्लं."

नत्थू भिंतीला टेकून खाली बसला. त्याला हसू येत होतं की दुसरं काही, ते त्याचं त्यालाच कळेना. तोंडावर हात ठेवून तो तसाच बसून राहिला. चिमणीतला वारा त्याच्या कानात होता.

"रागावले?"

"नाई." त्याने तोंडावरचा हात काढला. "कावून आणलं वं? उंदीर झाले का घरात?"

हिराने मान खाली घातली. वातीने ती पिल्लाच्या तोंडात दूध टिपू लागली. "पंधरा दिवस झाले, पाहून राहिली मी. तुमाले जेवण जात नाई, झोप येत नाई. आता कोन्या सकाळी म्हणाल, बांध. माही माय म्हणे, घरात जित्राब असलं का माणूस असा उठून जात नाई. दाणापाणी कोण करीन, म्हणून थांबते. गाय-बकरी तं काई आपल्यानं होत नाई." ती थांबली. "म्हणून हे आणलं. दोन हिवाळे झाले इथं. त्या नळावरच्या बाया आता मले नावानं हाका मारतेत."

नत्थू तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तिने भांडी बांधली होती, सोडली होती, पुन्हा बांधली होती. नको म्हणून एकदाही म्हणाली नव्हती. तोही तसाच, तीही तशीच.

"काम सुटलं," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. तिने वात वाटीत ठेवली, ती उठली आणि कोपऱ्यातल्या खुंटीकडे गेली. तिथे दोरी टांगलेली होती.

"राहू दे ते," नत्थू म्हणाला. "दोरीले हात नको लावू."

"मंग?"

"मंग काई नाई. इथंच पाहू."

"कावून सुटलं पण?"

"काम कमी होऊन राहिलं ना ठेकेदाराचं. माणसं सोडून राहिले." तो टोपल्याजवळ सरकला. "हे मायपाशी नेऊन देऊ. अजून दूध पेते. मोठं झालं का आणू परत. आणूच, खरंच सांगतो."

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मागच्या तारेपाशी उभं राहून त्याने कृष्णरावांना हाक मारली आणि फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू तारेतून आत दिलं. कृष्णरावांनी फडकं उघडलं. पांढरा पाय पाहिला. मग नत्थूकडे पाहिलं.

"हे कुठी होतं?"

"घरी. हिरेनं नेलतं."

कृष्णराव तिथेच विटांच्या थप्पीवर बसले. "अरे राम. चाल, सायबाकडे चाल. मी बोलतो."

"काय सांगान जी? का पिल्लू घरी होतं आन् मी भट्टी थांबवली?" नत्थू म्हणाला. "जाऊ द्या. कोणालेच नका सांगू. हिरेलेही नका सांगू, का त्याच्याच पायी झालं म्हणून."

आतून भुरीचा आवाज आला. कृष्णरावांनी पिल्लू खाली ठेवताच ती धावत आली, त्याला मानेत धरलं आणि थप्प्यांच्या आड दिसेनाशी झाली.

*

पण भिलाईत तेव्हा अशी गोष्ट लपणार कशी? त्या दिवशी सगळ्यांचेच डोळे चिमणीकडे होते. नळावर, कॅन्टीनमध्ये, ट्रकांवर तीच बोलणी चालू होती की एका मांजरवाल्याने चौथ्या पिल्लासाठी साहेबांना उन्हात उभं केलं. नत्थू रोज सकाळी गेटाबाहेरच्या रोजंदारीच्या रांगेत उभा राहू लागला. मुकादम येत, रांगेवरून नजर फिरवत, त्याच्यापाशी पोचले की हसत आणि पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावत.

असे काही दिवस गेले. एका सकाळी तो रांगेत असताना त्याला हिरा येताना दिसली. या वेळी ती सेक्टर दोनमध्ये असायला हवी होती. तिचे पाय ओले होते. नळावरून ती तशीच चालत आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की नळावर तिला सगळं कळलं आहे.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. रांगेतली माणसं दुसरीकडे बघू लागली.

"मले कावून नाई सांगतलं?" ती म्हणाली.

"काय सांगाचं?"

"म्या नेलं नसतं तं..."

"होऊन गेलं ते."

"तुमी शोधून राहिले होते तिथं आत. आन् मी त्याले घरी दूध पाजून राहिली होती." तिने मागे नळाच्या बाजूला हात केला. "लोकं हासून राहिले नळावर. म्या सांगणार होती त्याइले, का माणूस खोटं नव्हता बोलला. चारच होते म्हणून."

"मंग सांगतलं?"

"नाई. आवाजच नाई निंगाला."

नत्थूने तिच्याकडे पाहिलं. "चारच होते," तो एवढंच म्हणाला. "आपल्या दोघाइले मालूम आहे ना?"

तिने मान हलवली. मग डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि ती पलीकडे गेली. तिथे रेजांची, बाया-मजुरांची, रांग होती. विटा, माती वाहणाऱ्या बायांची. ती त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. नत्थू तिला बोलवायला एक पाऊल पुढे झाला आणि थांबला.

मुकादम बाहेर आला. आज त्याला पुरुष थोडेच हवे होते. नत्थूच्या पुढच्या चौघांपाशीच त्याचं काम झालं. मग तो बायांकडे वळला, आणि हिराकडे बोट दाखवून म्हणाला, "तू चल. ये नई वाली."

हिराने वळून नत्थूकडे पाहिलं. बाकीच्या बायांच्या डोक्यांवर चुंबळी होत्या, तिचं डोकं मोकळं होतं. नत्थूने आपल्या डोक्याचा गमछा सोडला, तिच्याजवळ गेला आणि तो तिच्या हातात दिला. ती चालता चालताच त्याची गुंडाळी करू लागली. बायांच्या मागोमाग ती गेटातून आत गेली.

रांग मोडली. माणसं विड्या पेटवत कॅम्पाकडे निघाली. "चाल गा, आता काई भरती नाई होत," कुणीतरी नत्थूला म्हणालं.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला आणि उघड्या डोक्याने तिथेच, गेटाच्या बाजूला, उन्हात बसला. दुपारनंतर कधीकधी एखादा ट्रक उतरवायला माणूस लागत असे.